वाकडी डोलकाठी

८ जून, रविवार. वायव्येचा वारा, मरगळलेला.

आज पासष्ट पूर्ण. अग्नेसेनं भेट म्हणून ही वही दिली आणि सोबत एक जाडा काळा मार्कर. "पेनानं लिहिलेलं तुझं तुलाच वाचता येत नाही," म्हणाली. बायकोचं प्रेम म्हणायचं. आता दैनंदिनी लिहितोय की निवडणुकीची भिंत रंगवतोय, कळत नाही. त्यात वहीच्या रेघा. छापणारा नक्की पिऊन बसला असणार, कारण पानाच्या मधोमध आली की प्रत्येक रेघ पोट काढते. अग्नेसेला दाखवलं. ती माझ्याकडे नुसती बघत राहिली आणि केपरच्या कळ्यांना मीठ चोळायला परसात निघून गेली.

पाहुण्यांना फिरवायचा हंगाम तोंडावर आलाय आणि बोटीची डोलकाठी वाकली आहे. शेजारच्या लिपारी बेटावरून तूरीला बोलावलं, त्याचा धंदाच डोलकाठ्यांचा. तळाशी गाल टेकवून त्यानं वर बघितलं, ओळंबा सोडला, आणि म्हणाला, "लिल्लोकाका, ही चर्चमधल्या मेणबत्तीपेक्षा सरळ आहे." लिपारीच्या माणसाला सरळ म्हणजे काय, हे आमच्या सालीनाच्या माणसानं सांगायचं. घरी येऊन अग्नेसेला म्हटलं तर तिनं मान वर न करता ऐकवलं, "नाचता येईना, डोलकाठी वाकडी."

आणखी एक. चोवीस तारखेला लिपारीला डॉक्टरकडे जायचंय. साठी उलटली की दर पाच वर्षांनी सरकारला माझे डोळे बघायची हौस येते. डॉक्टरनं सही केली तर बोटीचं सुकाणू माझ्या हातात राहील. नाही केली तर 'दोन्ना पेप्पिना' दुसऱ्या कोणीतरी चालवायची आणि मी धक्क्यावर बसून म्हाताऱ्यांबरोबर पत्ते कुटायचे. एक्केचाळीस वर्षं चालवतोय मी तिला. आईचं नाव दिलंय. दुसऱ्याच्या हातात तिला बघण्याआधी समुद्रात बुडवीन.

११ जून, बुधवार. वारा नाही.

नित्तू न्हावी मागच्या आठवड्यात त्याच डॉक्टरकडे जाऊन आला. अक्षरांचा तक्ता चाळीस वर्षांपूर्वीचाच आहे, त्याच खिळ्याला. नित्तूनं तो दाढी करता करता मला वरपासून खालपर्यंत म्हणून दाखवला. मी पाठ केला. यात फसवाफसवी काही नाही. त्या खोलीतला दिवा कायमचा मिणमिणता असतो, मग माणसानं तयारी करून गेलेलं बरं. तसे तर आता सगळेच दिवे मिणमिणते झालेत. आमच्या लिंग्वाच्या दीपगृहाचासुद्धा दिवा सरकारनं बारीक केलाय. वीज वाचवतात. बंदर खात्याचा कारभार म्हणजे आंधळं दळतंय.

मेलिनाचं काय चाललंय कळत नाही. लेक तिशीला आली. हिवाळाभर दर मंगळवारी मिलाझ्झोला जायची, बगलेत फाइल, आणि संध्याकाळच्या बोटीनं परत. मी विचारलं, कोण आहे तो? म्हणाली, "कोणी नाही, बाबा." कोणी नाही त्याला भेटायला थंडीवाऱ्यात तीन तासांची ये-जा कोण करतं? आईला सगळं माहीत असणार. दोघी मायलेकी माझ्यासमोर बोलणं तोडतात.

१४ जून, शनिवार. नैऋत्येचा, हलका.

आठवड्याचे पाहुणे आले. बेर्गामोचं जोडपं. फाउस्तो आणि ओर्नेल्ला, दोघं निवृत्त. ती गणिताची मास्तरीण होती. तो काय होता कळलं नाही, पण आता कप्तान आहे, कारण डोक्यावर सोनेरी नांगराची पांढरी टोपी आहे. बोटीवर पाय ठेवल्या ठेवल्या मला विचारतो, "कप्तान, या भागातले वारे तुम्हाला नीट माहीत आहेत ना?" मी म्हटलं, थोडेफार, कालच पुस्तक आणलं.

मेलिना स्वयंपाकाला आणि दोऱ्या ओढायला. ही पोर पूर्वी चार वाक्यांत दिवस काढायची. आता तोंडाला विसावा नाही. "बाबा, उजवीकडे पिवळा बोया, पन्नास हात." "बाबा, समोरून जलद बोट." "बाबा, धक्क्यावर पेप्पे उभाय, दोरी डावीकडे फेका." मला काय दिसत नाही? पाहुण्यांसमोर शोभतं का हे? सांगून बघितलं, पालथ्या घड्यावर पाणी. पाच मिनिटांनी परत, "बाबा, खाली पायरी आहे." ती पायरी मी स्वतः बसवली आहे.

१५ जून, रविवार. वुल्कानो.

या बेटाला नकाशा लागत नाही. गंधकाचा वास नाकात शिरला की सुकाणू वळवायचं. फाउस्तोनं मला ज्वालामुखी म्हणजे काय ते समजावून सांगितलं. पृथ्वीच्या पोटात काय असतं, ते वर कसं येतं. मी जन्मापासून चार पेटते-विझते डोंगर उशाशी घेऊन झोपलोय, पण मान हलवली. मग तो उकळत्या चिखलात गळ्यापर्यंत बसला. टोपी काढली नाही.

दुपारी ओर्नेल्लाबाई शब्दकोडं सोडवत होत्या. बाई बरी आहे, मोजकं बोलते. मला म्हणाल्या, "कप्तान, चार अक्षरी वारा सांगा बघू." मी वाकून बघितलं. कोड्याची जाळी मधे विरघळून गेलेली, जणू कोणी शाईवर ओला अंगठा फिरवलाय. म्हटलं, "बाई, हे असलं मासिक परत करा. मधला भाग छापायचाच राहिलाय, कडेच्या चौकटी तेवढ्या शाबूत आहेत."

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. मग हळूच विचारलं, "रेघा सरळ दिसतात का तुम्हाला?"

"माझ्या वहीतसुद्धा नाहीत," मी म्हटलं. "हल्ली छपाईच तशी."

"माझी आई असंच म्हणायची," त्या म्हणाल्या आणि मासिक मिटून ठेवलं. नंतर बराच वेळ मेलिनाशेजारी बसून कांदा चिरत होत्या. दोघींचे डोळे लाल झाले होते. कांदा त्रोपेयाचा, गोड असतो, त्यानं डोळ्यांत पाणी येत नाही. बाईंना बोट लागली असावी.

१६ जून, सोमवार. स्त्रोम्बोली.

आमच्यात या ज्वालामुखीला नावानं हाक मारत नाहीत. 'इद्दू' म्हणतात, म्हणजे 'तो'. जुन्या बायका नवऱ्याबद्दल बोलतात तसं. नवऱ्यासारखाच आहे, दर पंधरा मिनिटांनी उगाच भडकायचं आणि मग धूर सोडत बसायचं.

सूर्य बुडताना बोट आगीच्या उतारासमोर नेऊन उभी केली. पाऊण तास थांबलो. इद्दूनं यंदा हात टेकलेत. काही नाही. घरघर ऐकू आली, पण वर काळोख. आणि हे दोघं टाळ्या वाजवताहेत. फाउस्तो ओरडतोय, "केवढा उंच गेला!" मला दया आली. बिचाऱ्यांनी एवढा प्रवास केलाय, दिसलं नाही म्हणायला लाज वाटत असेल. दुरून डोंगर साजरे म्हणतात, यांनी जवळ येऊनही साजरा करून घेतला.

एक गोष्ट मात्र लिहून ठेवतो. मी जिन्याकडे किंवा मेलिनाकडे वळलो की डोळ्याच्या कोपऱ्यात तांबडं काहीतरी हलायचं. मान वळवून नीट बघितलं की गायब. दोनदा झालं, पाचदा झालं. मी बघितलं की हा थांबतो. जन्मापासूनची ओळख आणि हे वागणं. मेलिनाला म्हटलं, "इद्दू माझी थट्टा करतोय." तिनं माझ्या खांद्यावर शाल टाकली. थंडी नव्हती.

१७ जून, मंगळवार. पानारेआ. वारा लिहिण्याच्या मनःस्थितीत नाही.

काय झालं ते जसंच्या तसं लिहितो, म्हणजे नंतर कोणी काही म्हणायला नको.

पानारेआच्या अलीकडे पाण्याखाली एक सुळका आहे. आम्ही त्याला सासूचा दात म्हणतो. पाण्याबाहेर दिसत नाही, लागला की कळतो. वडिलांनी मला खूण दिली होती. देवळाचा मनोरा दोन्ना रोझाच्या पांढऱ्या घराच्या बरोबर डोक्यावर धरायचा आणि सरळ आत शिरायचं. ही खूण नकाशात नाही. बापानं मुलाला सांगायची. मी या खुणेवर हजारदा आलोय. वाट दाखवणाऱ्या यंत्राकडे मी बघत नाही. त्याचे आकडे मुंग्यांएवढे करून ठेवलेत.

आजही तसंच. मनोऱ्याचा धूसर उभा आकार पकडला, पांढरं घर पकडलं, एकावर एक आणलं. ओर्नेल्लाबाई बोटीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर पाय बाहेर सोडून बसल्या होत्या. मेलिना खाली भात बघत होती. फाउस्तो मला वाऱ्याबद्दल शिकवत होता.

मेलिना वर आली आणि किंचाळली, "बाबा, घर नाही ते. बोट आहे ती."

मी म्हटलं, "काय बोलतेस, दोन्ना रोझाचं घर आहे."

तिनं मला धक्का दिला. हो, बापाला धक्का दिला, आणि सुकाणू गर्रकन फिरवलं. तेवढ्यात खालून आवाज आला, ताटावर काटा ओढावा तसा, पण लांबच लांब. बोट एका अंगावर कलली. बाई नाळेवरून घसरल्या आणि एका हातानं कठड्याला लोंबकळल्या. फाउस्तो जागच्या जागी थिजला. मेलिनानं सुकाणू माझ्या पोटाशी दाबलं, "हलवू नका," म्हणाली, आणि धावत जाऊन बाईंना काखेत धरून वर ओढलं. खाली पाणी पांढरं झालं होतं आणि सुळका दिसत होता. मलासुद्धा दिसला, तो डोळ्याच्या कोपऱ्यात होता म्हणून.

दोन्ना रोझाच्या घरापासून बरंच बाजूला, पाण्यात, कोणा धनदांडग्याची पांढरी मोटरबोट नांगर टाकून होती. तीन मजली. मी तिच्या डोक्यावर मनोरा धरला होता.

दोष त्या बोटवाल्याचा. एवढी मोठी, घरासारखी बोट आणायची कशाला?

मग मेलिनानं मला न विचारता सुकाणू घेतलं आणि आडव्या वाऱ्यात, पाच बोटींच्या मधून, धक्क्याला अशी टेकवली की चहाचा कप हिंदकळला नसता. मला धक्क्यावर उतरल्यावर लक्षात आलं. हे तिला कोणी शिकवलं? मी तर शिकवलं नाही. मी तिला सुकाणूला हात लावू दिला नाही कधी.

१८ जून, बुधवार.

काही लिहायचं नाही.

तरी लिहितो. पाणबुड्यानं बोट खालून तपासली. ओरखडा आहे, भोक नाही. ओर्नेल्लाबाईंचा दंड काळानिळा झालाय. मी माफी मागायला गेलो तर त्या म्हणाल्या, "कप्तान, बसा. माझ्या तोंडाकडे बघा. नाक दिसतं?"

मी बघितलं. कान दिसले. कानातले मोती दिसले. केस दिसले. मधे जिथं बाई असायला हवी तिथं करड्या रंगाचा ठिपका.

"ऊन आहे," मी म्हटलं.

"आपण सावलीत बसलोय," त्या म्हणाल्या. "माझ्या आईनं आधी पडदे शिवणाऱ्याला शिव्या दिल्या. मग सुताराला, दार वाकडं केलं म्हणून. मग मला, मी तिच्याकडे बघून हसत नाही म्हणून."

मेलिना माझ्यापुढे येऊन उभी राहिली आणि माझ्या हातात एक कार्ड ठेवलं. मी विचारलं, कसलं हे? तिनं वाचून दाखवलं. शिडाच्या बोटी चालवायचा परवाना, मार्चमध्ये मिळालेला. मिलाझ्झोचे मंगळवार. म्हणजे मी हिवाळाभर ज्या जावयाला मनातल्या मनात शिव्या घालत होतो, तो हा प्लॅस्टिकचा तुकडा.

मी बोलू नये ते बोललो. म्हटलं, "घाई झाली होती ना तुला, बाप कधी उठतोय आणि आपण कधी बसतोय."

ती शांतपणे म्हणाली, "घाई असती तर मार्चमध्येच तुम्हाला डॉक्टरसमोर उघडं पाडलं असतं. दोन वर्षं बोया मोजतेय मी, बाबा. पायऱ्या मोजतेय. पेप्पे मासे विकताना भाव मोठ्यानं ओरडतो, कारण तुम्हाला पाटी दिसत नाही. आई मिठाचा डबा तसूभर हलवू देत नाही कोणाला. सगळं गाव तुम्हाला सांभाळून घेतंय, आणि तुम्ही म्हणता दिवे बारीक झाले."

"मग कोणी सांगितलं का नाही?"

"तुम्ही ऐकलं असतंत?"

मी केबिनमध्ये गेलो. मोठ्यानं सांगायची लाज वाटते, पण वही माझी आहे. रडलो. उशीत तोंड खुपसून, म्हणजे फाउस्तोला ऐकू जायला नको. नाहीतर अश्रू कसे तयार होतात तेही समजावून सांगायचा.

२१ जून, शनिवार.

पाहुणे गेले. तीन दिवस मेलिनानं बोट चालवली, मी भाजी चिरली. फाउस्तोनं जाताना टोपी काढून मेलिनाच्या डोक्यावर ठेवली. त्या माणसाबद्दल जे लिहिलंय त्यातलं थोडं मागे घेतो. सगळं नाही.

तक्ता अजून पाठ आहे. रात्री आपोआप ओठांवर येतो. सही झाली तर मेलिनाला म्हणेन, कागद बघ, सरकार म्हणतंय मला दिसतं. तिला गप्प बसावं लागेल. कागदापुढे कोणाचं चालत नाही.

ओर्नेल्लाबाईंचे पाय मात्र डोळ्यांसमोरून जात नाहीत. कठड्याबाहेर लोंबकळणारे. एका चपलेचा पट्टा सुटलेला होता. तेवढं मला कसं काय दिसलं कोण जाणे.

२४ जून, मंगळवार. लिपारी.

मेलिनाच बोटीनं घेऊन आली. वाटेत एकदाही बोया सांगितला नाही. तिची चूक नाही, मीच म्हटलं होतं, आज तोंड बंद ठेव. मला तिची बडबड आठवत राहिली. दवाखान्याबाहेर बाकावर बसली, हात मांड्यांखाली दाबून. लहानपणी लस टोचायला आणायचो तेव्हा असंच बसायची.

डॉक्टर नवा आहे, आवाजावरून चाळिशीचा. म्हणाला, "एक डोळा झाका आणि वाचा." समोर भिंत होती, भिंतीवर काहीतरी पांढरं होतं, आणि त्याच्या मधोमध माझा करडा ठिपका मांडी ठोकून बसला होता. मी सुरू केलं. पहिली ओळ, दुसरी, तिसरी. न अडखळता. शेवटच्या ओळीपर्यंत. मग दुसरा डोळा झाकून परत सगळं.

"वा," डॉक्टर म्हणाला. "पासष्टीला शेवटची ओळ. तुमच्या बेटावर काय खातात?"

"केपर," मी म्हटलं.

पेनाचं टोपण काढल्याचा आवाज आला. टिक. एवढाच आवाज. आणि का ते सांगता येत नाही, पण मला त्याच्यामागून तो दुसरा आवाज ऐकू आला, खालून ओढत गेलेला.

मी म्हटलं, "डॉक्टर, शेवटची ओळ उलटीकडून विचारा."

"कशाला? आला ना सगळा."

"विचारा तर."

त्यानं विचारलं. मी भिंतीकडे बघत बसलो. बाहेर स्कूटर गेली, कोणीतरी खोकलं. मी म्हटलं, "मला फक्त सुलटा पाठ आहे."

डॉक्टरनं टोपण परत लावलं. मग बराच वेळ तो माझ्या डोळ्यांत दिवे मारत बसला. डोळ्याच्या मधोमधचा पडदा झिजलाय म्हणाला, कडा चांगल्या आहेत. इंजेक्शनं देऊन आहे तेवढं टिकवता येईल, गेलेलं येणार नाही. आणि म्हणाला, "जे बघायचंय त्याच्याकडे सरळ बघू नका. जरा बाजूला बघा. कडेनं दिसेल." आयुष्यभर बापानं बजावलं, लिल्लो, नजर सरळ ठेव. आता डॉक्टर म्हणतो वाकडी ठेव.

बाहेर आलो. मेलिना उभी राहिली असावी. मी खिशातून बोटीची किल्ली काढली आणि पुढे धरली. ती घ्यायला वेळ लागला. तिचा हात ओला होता.

"एक सांगतो," मी म्हटलं. "डोलकाठी सरळ आहे. तूरीला फोन करून सांग. मी सांगणार नाही."

१९ जुलै, शनिवार. स्त्रोम्बोली. वायव्येचा वारा, चांगला.

नवे पाहुणे, तोरीनोचे चौघं. मेलिना कप्तान. मी आचारी, आणि अग्नेसेच्या भाषेत नसती कटकट. सासूच्या दाताची खूण मी मेलिनाला दिली. मुलाला द्यायची असते, मुलगा नाही, म्हणून इतकी वर्षं ती माझ्याजवळच पडून होती. केवढा मूर्खपणा. तिनं ऐकून घेतली, यंत्रावर तपासली आणि म्हणाली, "आजोबांची खूण दोन हातांनीसुद्धा चुकत नाही, बाबा." मला आनंद झाला. मी दाखवला नाही.

सूर्य बुडाल्यावर आगीच्या उतारासमोर थांबलो. घरघर सुरू झाली. पाहुणे वर बघायला लागले. मी वर बघितलं नाही. शेजारी समुद्रात स्त्रोम्बोलिक्कियोचा खडक आहे, त्याच्याकडे नजर लावली. आणि कोपऱ्यातून आला तो. तांबडा, उंच, मग तुटून खाली सांडणारा. सबंध. मला वाटत होतं हा माझी थट्टा करतोय. बिचारा रोज उडत होता.

मग मी दुसरं करून बघितलं. मेलिना सुकाणूवर उभी होती. मी तिच्या कानाच्या पलीकडे, काळोख्या पाण्याकडे बघितलं. हळूहळू कडेनं चेहरा आला. अग्नेसेची हनुवटी. माझं नाक, बिचारीचं नशीब. डोळ्यांखाली काळं आलंय, ते मला माहीत नव्हतं. ती हसत होती, वर इद्दूकडे बघून.

तिच्या लक्षात आलं. म्हणाली, "बाबा, तिकडे काय बघताय? तिथं काहीच नाहीये."

"असू दे," मी म्हटलं. "मला इथून चांगलं दिसतंय."